अर्धी दोरी माझी

आमचे बन्सीमामा, म्हणजे माझे सासरे, तोंडानं लई फटकळ. गारखेड्यात पाण्याच्या टँकरवाल्याच्या सात पिढ्या उद्धारायच्या तर त्यांनीच. पण एवढा बेडर माणूस स्वतःची चड्डी मात्र न्हाणीत, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या परकराखाली वाळत घालायचा. घरात सून आली ना! परकराखाली ती वाळणार कधी? दमटच अंगात जायची, वरून सिक्युरिटीची जाडजूड पँट, आणि शेंद्र्याच्या कंपनीच्या गेटवर दिवसभर उन्हात उभं राहणं.

मग व्हायचं तेच झालं. जांघेत गजकर्ण! मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की बरं वाटायचं, सोडली की दुप्पट. मामा पाय फाकवून चालायला लागले. एकदा गेटवर बायकांची बस आत येताना खाजवायला हात नको तिथं गेला. सुपरवायझर म्हणाला, "बन्सी, बरा हो, नाहीतर घरी बस." आमच्या ह्यांची नोकरी आधीच सुटलेली. घर मामांच्याच पगारावर.

हे मुलाखतीला गेलेले, म्हणून मामांना स्किनच्या डॉक्टरकडं मी नेलं. डॉक्टर निघाली बाई! मामा म्हणतात, "हाताला जरा खाज येते." हाताला! मी म्हटलं, "मॅडम, जांघेत आहे." मामांनी खाऊ का गिळू अशा नजरेनं बघितलं.

ट्यूब बघून मॅडम भडकल्या. "यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी फोफावते. बंद करा. मी देते ते औषध खाज थांबली तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. अंग कोरडं पुसा, टॉवेल वेगळा ठेवा, सैल सुती कपडे कडक उन्हात वाळवा. घरात आणखी कुणाला आहे? असेल तर त्यांनाही औषध लागेल, नाहीतर हे परत येणार."

"कुणाला नाय," मामा म्हणाले.

माझी कानशिलं तापली. पाणी आठवड्यानं येणार, न्हाणीच्या दाराला सगळ्यांत मिळून एक टॉवेल, आणि माझे आतले कपडे पलंगामागं लपवलेले. पण गप्प बसले तर मामांची नोकरी जाणार.

"मला पण आहे," मी बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ठोकाठोकी ऐकू आली. रस्त्याच्या बाजूनं, भर उन्हात मामांनी दोरी बांधली आणि तिच्यावर आपल्या सगळ्या चड्ड्या टांगल्या. समोरच्या वच्छलाबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"काय बघता वैनी? गजकर्ण झालंय! तुमच्याकडं कुणी खाजवत असंल तर धाडा डॉक्टरकडं!"

मग जिन्यातून खाली अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "मोनाली, तुझे पण आण वर! अर्धी दोरी तुझी हाय."

शरमेनं मेले मी. पण बादली घेऊन वर गेले.