न घेतलेली नोंद

बाइंडरला हवेचा नाद लागला तो खळीपायी. दमट दिवसांत खळ वाळता वाळत नाही; पुठ्ठा फुगतो आणि दाबातून सरळ काढलेली वही दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून बसते. आदल्या संध्याकाळी अंदाज यावा एवढ्यासाठी त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून हवेचा दाब दाखवणारी तबकडी आणली. तिला दोन काटे. काळा हवेचा, पितळी माणसाचा. काळा आपला आपण सरकतो. पितळी हाताने फिरवून त्याच्यावर आणून ठेवायचा. पुढच्या वेळी काळा उजवीकडे गेलेला दिसला तर दाब चढला, डावीकडे गेला तर उतरला. उतरत असेल तर काहीतरी येतंय. चढत असेल तर ते येऊन गेलं.

पुढे खळ मागे पडली आणि तबकडी राहिली. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. दाब, तापमान, वारा, ढग. वह्या त्याने स्वतःच शिवलेल्या, आणि एकोणीस वर्षांत त्यांत एकही चौकट रिकामी नव्हती. अंगात ताप असताना तो भिंत धरधरून तबकडीपर्यंत गेला होता. आईला पोचवून आला त्या संध्याकाळचीही नोंद आहे: वारा मंद, आकाश निरभ्र. लग्न केलं नाही. ताई म्हणायची, बरंच झालं, बायको आली असती तर तिलाही याने तारीख घालून चौकटीत बसवलं असतं.

थंड हवेची आघाडी कशी सरकत येते हे तो गच्चीवर उभा राहून शिकला. आधी उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. मग सूर्य दुधाळ होतो. मग संथ, कंटाळवाणा पाऊस. तो थांबतो, हवा ऊबदार होते, लोक छत्र्या मिटतात. फसगत होते ती इथेच. खरी आघाडी अजून मागे असते. ती पोचली की दक्षिणेचा वारा एका झटक्यात पश्चिमेचा होतो, आणि झटका म्हणजे झटकाच. हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मनावर घेणारा एकटा दाजी.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, गोदामांवर पत्रे बसवायचा. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन यायचा. काय वेधशाळा, चढू का? सुरुवातीला ती नुसती थट्टा होती. आठ वर्षांत ती कामाची रीत झाली. बाइंडर नको म्हणाला की दाजी मुकादमाला सरळ सांगायचा, आज मेव्हण्याने रजा दिलीय. मुकादमही कुरकुरत ऐकायचा, कारण दोनदा त्या रजेने माणसं वाचली होती.

त्या आठवड्यात बाइंडरच्या अंगावर शाळेच्या हजेरीपटांचं काम आलं होतं. एका दिवशी दुपारपासून पाऊस लागलेला, खळ ओली. तो उशिरा घरी आला आणि बूट न काढता आडवा झाला. सकाळी सहाला वही उघडली तर आदल्या संध्याकाळची चौकट कोरी.

तिथे रेघ ओढून पुढे जायला हवं होतं. तो बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसला. कुणी ती वही पाहणार नव्हतं. म्हणूनच कदाचित ती त्याला सहन झाली नाही. काल सकाळी दाब एक हजार दहा होता. पाऊस पडला म्हणजे उतरला असणारच. त्याने एक हजार चार लिहिलं. हात सवयीने पुढे गेला आणि पितळी काटाही त्याने चारवर आणून ठेवला, जिथे काळा काटा कदाचित पोचलाच नव्हता. मग बोटाने काचेवर टिचकी मारून आजचा दाब पाहिला. एक हजार पाच. काळा काटा पितळीच्या किंचित उजवीकडे. दाब चढतोय. येऊन गेलं.

बाहेर पाऊस थांबलेला, हवा ऊबदार. वारा अजून दक्षिणेचाच होता. ते त्याने पाहिलं, लिहिलंसुद्धा. फोन वाजला तेव्हा तो म्हणाला, चढा.

वारा फिरला तेव्हा अकरा वाजायला वीस मिनिटं होती. दाजीच्या हातात आठ फुटी पत्रा होता. पत्रा या टोकाहून त्या टोकाला न्यायचा म्हणून त्याने कमरेचा दोर क्षणभर सोडला होता. वाऱ्याने पत्रा उचलला, आणि पत्र्याने दाजीला. तो खालच्या सज्ज्यावर पडला. खुबा आणि मांडी. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण चढणार नाही.

दोन महिने दाजी खिडकीशी लावलेल्या खाटेवर पडून भेटायला येणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होता: दोर मी सोडला, चूक माझी. शेजारच्या शिंप्याने एकदा हसत विषय काढला, काय हो, वेधशाळा बंद होती का त्या दिवशी? दाजीने त्याला झापलं. काट्याने दाखवलं ते त्याने सांगितलं, त्याचं नाव काढायचं नाही. बाइंडर तेव्हा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला.

त्यानंतर त्याला काम सुचेना. एका हजेरीपटाला त्याने पुठ्ठा उलटा चढवला. शेवटी एका रविवारी दुपारी, ताई खाटेच्या पायथ्याशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत असताना, त्याने सांगून टाकलं. कोरी चौकट, चारचा आकडा, पितळी काटा, सगळं. सांगताना त्याला आपलाच आवाज फार नीटनेटका वाटला, आणि त्याची लाज वाटली.

दाजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"खरा किती असेल रे, आदल्या संध्याकाळी?"

"माहीत नाही. सात, आठ. चारही असेल."

"चारच असला, तर?"

"तरी मी चढाच म्हटलं असतं. सात असता, तर नको म्हटलं असतं."

"म्हणजे तू चुकलास की नाही, हे तुलाही ठाऊक नाही."

"नाही, दाजी."

दाजी हसला. आठ वर्षांतल्या त्याच्या एकाही हसण्यासारखं ते नव्हतं.

"मी निदान दोर सोडला एवढं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तेवढ्यावर मी दोन महिने काढले. आता तेही अर्धंच राहिलं माझ्याकडे."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. ताईच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली होती. तिने ती पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि म्हणाली, चल, खाली सोडते तुला. लहानपणापासून तिने त्याला कधी दारापर्यंत सोडलं नव्हतं. पाहुण्यांना सोडायचं असतं.

जिना अरुंद होता आणि प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांच्या चपला होत्या. पहिल्या मजल्यावर ती थांबली. तिला ओरडायचं असेल असं त्याला वाटलं, आणि तिने ओरडावं असंही वाटलं.

"मला एकटीला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी त्यांना कळू दिलं नसतं."

"म्हणूनच तुला एकटीला सांगितलं नाही, ताई."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग पदराने कठड्यावरची धूळ पुसली, उगाचच.

"गुरुवारी त्यांना दवाखान्यात न्यायचंय. खुर्ची उचलायला दुसरा माणूस लागतो. शिंपी येतो म्हणाला होता, त्याला नको म्हणून सांगते. नऊला ये."

"येतो."

"खालची बाजू तू धर. भार तिकडे येतो."

गुरुवारी हवा कशी असेल ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.