मुळशीच्या वाटेवर फोन गाडीला का जोडला गेला नाही: तीन कारणं

१. रविवारी सकाळी आम्ही तिघं भुकूमहून मुळशीला निघालो. गाडी सागरची, मागच्या सीटवर त्याची आत्या, फोन माझा.

२. फोन केबलने गाडीच्या स्टिरिओला लावला. जोडला गेला नाही.

३. त्याचं कारण मी होते.

४. पौडला मी ते कारण गुपचूप काढून टाकलं.

५. फोन तरीही जोडला गेला नाही.

आता सविस्तर.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंग करते. दुसऱ्याने बनवलेली गोष्ट कुठे मोडते ते आधी शोधायचं, हे माझं काम. भुकूमला मंदाकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. काकूंचा भाचा सागर इथल्याच चांदे गावचा. (नाव बदललं आहे. लिहायला त्याची परवानगी आहे. आधी वाचून दाखवणार नाही ही माझी अट.) तो मेकॅनिकल इंजिनियर आहे, घरची भातशेतीही बघतो. काकूंनी दिवाळीनंतर माझ्या आईला परस्पर लातूरला फोन लावला आणि म्हणाल्या, "पोरगी चपला सरळ रेषेत काढतीया, मला तेवढं बास हाय." आईला एवढं पुरलं. मला पुरलं नाही.

पोह्यांच्या बशीवरून माणूस कळत नाही, असं मी सांगितलं. एकत्र कुठेतरी जाऊन येऊ. सागर हो म्हणाला. काकू म्हणाल्या, "जावा की. मीबी येती. गावाला तोंडं लई हायेत."

ठरलं असं: मुळशीचं पाणी बघायचं, मासे खायचे, उजेडात परत. मग दोघांनी घरच्यांना हो किंवा नाही सांगायचं.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक केबल आहे, कुठल्याशा स्वस्त पॉवर बँकेबरोबर आलेली. तिच्यातून फोन चार्ज होतो, बाकी काहीच जात नाही. गाणी नाहीत, नकाशा नाही. दिसायला ती चांगल्या केबलची जुळी बहीण. चांगली केबल मी पर्समध्ये खाली ठेवली आणि ही वर.

कारण सांगते. ऑफिसात काही चालेनासं झालं की शेजारचा पुरुष माझ्या हातातून माउस काढून घेतो. "एक मिनिट हं" म्हणतो आणि घेतो. सगळे नाही, पण पुरेसे. घरीही तेच होणार असेल तर मला ते लग्नाआधी कळायला हवं होतं. त्यासाठी काहीतरी बिघडायला हवं होतं, आणि नवी गाडी आपणहून बिघडत नाही.

आठाच्या आत निघालो. तुम्ही पुण्यातून येणार असाल तर आणखी लवकर निघा. रविवारी नऊनंतर भूगावात गाड्या सरकत नाहीत. पिरंगुटचा घाट छोटा आहे, पण वळणांवर ट्रक असतात.

घाट यायच्या आतच काकू म्हणाल्या, "गाणी लाव की गं. मुक्यानं जायाला काय मयताला चाललोय?"

मी केबल लावली. फोनवर चार्जिंगची खूण आली. गाडीच्या पडद्यावर काही नाही.

"चार्ज होतोय," मी म्हणाले.

"जोडला नाही गेला," सागर म्हणाला.

"नाही."

"तुम्ही बघता की मी बघू?"

मी मनातल्या मनात एक गुण दिला. मग केबल काढून घातली, फोन बंद करून चालू केला, कपाळाला योग्य तेवढी आठी घातली. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो अधूनमधून माझ्याकडे बघत होता, अगदी शांत. मला ते सौजन्य वाटलं.

ब्लूटूथने का नाही जोडलं, असं तुमच्यापैकी कोणीतरी विचारणार. ब्लूटूथ होतं. आम्हा दोघांपैकी एकानेही त्याचं नाव काढलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पौडला मिसळ खाल्ली. शंभराच्या आत, तिखट, सोबत पाव मऊ. बिलासाठी आम्ही दोघांनी एकदमच पाकीट काढलं, तर काकूंनी मधे हात घालून स्वतःच पैसे दिले. "लगीन झाल्यावर भांडा," म्हणाल्या, "आत्ता पाव्हणे हाय तुमी."

सागर हात धुवायला गेला तेवढ्यात मी केबल बदलली. परीक्षा संपली होती, मुलगा उत्तीर्ण होता, आणि मला खरोखर गाणी ऐकायची होती.

पौड सोडलं. चांगली केबल लावली. चार्जिंगची खूण. पडदा कोरा.

हे मी ऑफिसात बघितलं आहे: आपण मुद्दाम घातलेला दोष काढून टाकावा आणि दोष तिथेच असावा. आता मी अभिनय बंद केला आणि खरोखर शोधायला लागले. फोनची परवानगी बघितली, दिलेली होती. चार्जिंगऐवजी माहितीचा पर्याय निवडला, काही नाही. मग गाडीच्या पडद्यावर सेटिंगमध्ये शिरले. तिथे एक ओळ होती: केबलने फोन जोडणी. समोर लिहिलं होतं: बंद.

बाहेर दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, काही खाचरं कापून मोकळी. दृश्य फार चांगलं होतं, असं काकू नंतर म्हणाल्या.

"ही सेटिंग आपोआप बंद होत नाही," मी म्हणाले.

सागर रस्त्याकडे नको इतक्या लक्षपूर्वक बघत होता.

"कोणी बंद केली?"

"मी न्हाई," मागून काकू म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळत न्हाई. आन् मला कुणी इचारत बी न्हाई."

"मी केली," सागर म्हणाला. "काल."

"का?"

त्याने माले गावाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. मग सांगितलं. मागे एका ठिकाणी मुलगी बघायला गेला होता. चहा सांडला. मुलीचा स्वतःचाच धक्का लागला होता, पण तिने सगळा राग तिथेच, पाहुण्यांसमोर, आईवर काढला. त्या बाईंचं तोंड त्याला विसरता येईना. "माणूस चिडतो त्याचं काही नाही," तो म्हणाला. "कुणावर चिडतो ते बघायचं होतं. आत्या मागे बसणारच होती. म्हटलं काहीतरी बंद पाडू."

"म्हंजी मी चारा व्हय रं?" काकू म्हणाल्या. "गळाला लावाया आणलंस?"

"तसं न्हाई आत्या."

"तसंच हाय."

मला नैतिक उंचीवर बसायची उत्तम संधी होती. ती मी सोडली, कारण पर्समध्ये पुरावा होता. जुनी केबल काढून त्याच्या हातात दिली आणि तिचा गुणधर्म सांगितला. माउसचं पण सांगितलं.

तो केबलकडे बघत राहिला. "म्हणून तुम्ही घाटात इतक्या शांत होता."

"आणि तुम्ही पण."

"दोघंबी चोर," काकू म्हणाल्या. "सोन्यासारखा जोडा."

पण मला हसू येत नव्हतं. त्याने फोन हिसकावला नाही, कारण त्याला कारण माहीत होतं. घाटात मी काकूंवर चिडले नाही, कारण मला कारण माहीत होतं. दोन्ही निरीक्षणं बाद. सकाळी भुकूमला या माणसाबद्दल जेवढं माहीत होतं तेवढंच आत्ता माहीत होतं, आणि संध्याकाळी आईला उत्तर द्यायचं होतं.

सागरने सेटिंग चालू केली. मी चांगली केबल लावली.

चार्जिंगची खूण आली. पडदा कोरा.

"आता काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही?"

"काही नाही."

आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवायला अजिबात तयार नव्हतो. तशीच गाडी पुढे काढली. मुळशीचं पाणी पहिल्यांदा दिसतं तिथे झाडांमधून एकदम रुंद निळं पसरतं, आणि पलीकडच्या डोंगरांच्या सोंडा त्यात उतरलेल्या असतात. सूचना: धरणाच्या भिंतीकडे सोडत नाहीत, विचारत बसू नका. पाणी रस्त्यावरूनच बघायचं. काठावर उतरलात तर चिखल वरून कोरडा दिसतो, आतून नसतो. आम्ही गाडी कडेला लावली, पण उतरलो नाही, कारण पडद्यापाशी वाकून बसलो होतो.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. मी फोनमधून गाडीची नोंद पुसून नव्याने करत होते. सागर वाकून बघत होता. काकू सांगत होत्या, "थाप मारा त्याला. आमच्या ट्रॅक्टरचा टेप थाप मारल्याबिगर कंदी लागला न्हाई. आमच्या ह्यांनी एकदा अशी मारली का..."

"एक मिनिट हं," सागर म्हणाला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, तुम्ही दोन मिनिटं गप्प बसा," मी म्हणाले.

आपण काय केलं हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं. ज्यांच्या घरात मी राहते त्यांना मी गप्प बसायला सांगितलं होतं. आणि चूक त्यांची नव्हतीच.

"फोन द्या," मी त्याला म्हणाले.

त्याने दिला. सॉरी नाही, स्पष्टीकरण नाही. हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

मी मागे वळले. "काकू, चुकलं माझं. तुमच्यावर ओरडायचं कारण नव्हतं."

"व्हय, नव्हतं," काकू म्हणाल्या. गोड वगैरे काही नाही. मग: "झाली का परीक्षा? आता मासं खाऊ. माझं पोट कुणाच्या केबलवर चालत न्हाई."

जेवण रस्त्याकडेच्या एका घरगुती खानावळीत. तळलेली चिलापी, रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. माणशी तीनशेच्या आसपास. काटे बारीक आहेत, बोलत खाऊ नका. आम्हाला ते सोपं गेलं.

निम्म्या भाकरीवर मला एक गोष्ट सुचली. चार्ज होतं आणि माहिती जात नाही, हे केबल बदलल्यावरही तसंच आहे. गाडीच्या चौकोनी यूएसबी खाचेत जाणाऱ्या पिनेवर वीज नेणाऱ्या पट्ट्या लांब असतात, माहितीच्या आखूड. पिन पूर्ण आत गेली नाही तर लांब पट्ट्या टेकतात, आखूड टेकत नाहीत.

"खाचेत काहीतरी अडकलंय," मी म्हणाले. "तुमच्या गाडीत इतक्यात काय नेलं होतं?"

सागरने विचार केला. "भाताची पोती. गिरणीत. मागे मावली नाहीत म्हणून एक पुढे ठेवलं होतं."

"तुज्याआधी त्या सीटवर पोतंच बसलं हुतं," काकू मला म्हणाल्या. "त्यानं इतकी किरकिर केली न्हाई."

खानावळीतून दात कोरायची लाकडी काडी घेतली. (लोखंडी पिन घालू नका, आणि आधी गाडी बंद करा.) मी वाकले. सागरने स्वतःच्या फोनचा उजेड धरला. माझ्या डोक्याची सावली पडली तसा त्याने हात हलवला, न सांगता. खाचेच्या तळाशी भाताचं एक टरफल दाबून बसलं होतं. त्याला काडी पोचत होती, पण ते निघत नव्हतं. माझ्याकडून दोनदा सुटलं.

त्याचा दुसरा हात सीटवरून उचलला गेला. मी बघितलं. मग तो परत सीटवर टेकला.

"बघू का?" तो म्हणाला.

"बघा," मी म्हणाले आणि काडी त्याला दिली.

त्याच्याकडूनही सुटलं. मग मी उजेड धरला, त्याने बाजूने रेटलं, आणि ते बाहेर आलं. त्याने गाडी चालू केली. केबल लावली. पडद्यावर माझा फोन आला, पूर्ण, नकाशासकट.

आणि लगेच वाजायला लागला. आई. सागरने सवयीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, आणि लातूर चारही स्पीकरमधून गाडीत आलं.

"काय गं, कसं वाटायलंय पोरगं? फोटोत केस जरा कमीच दिसायलेत. मंदाबाई जवळ नाहीत ना? मोकळं बोल."

"आई, तू स्पीकरवर आहेस. सगळे ऐकतायत."

मग बदललेल्या आवाजात: "नमस्कार."

"नमस्कार," सागर म्हणाला. "केस कमी आहेत, बरोबर आहे."

"आनुवंशिक हाय," काकू मागून म्हणाल्या. "माझ्या भावाचंबी तसंच. बाकी दात चांगले हायेत."

"आई," मी म्हणाले, "उत्तर आज नाही सांगत. शुक्रवारी सांगते."

परत येताना गाणी लागली. काकूंच्या पसंतीची, मोठ्या आवाजात. पिरंगुटला गर्दी लागली, तिथे काकू झोपल्या. सागर हळूच म्हणाला, की तोही घरी शुक्रवारीच सांगेल. त्याला जरा विचार करायचा आहे. मी ठीक आहे म्हणाले. उजेड असतानाच भुकूमला पोचलो. दारात काकू उतरल्या आणि मला म्हणाल्या, "हो म्हण न्हाई तर नको म्हण. खोली तुझीच हाय." हे त्यांनी सागरसमोर मुद्दाम सांगितलं.

मुळशीला जावं का? जरूर. सध्या भात निघतंय आणि पाणी भरलेलं आहे. माल्यानंतर रेंज जाते-येते, नकाशा आधी उतरवून घ्या. फोन जोडला गेला नाही तर आधी केबल बदला, मग सेटिंग बघा, मग खाच. आणि गाडीतल्या सगळ्यांना विचारून घ्या.

मुद्दाम बिघडवून मला काहीच कळलं नाही. मला न आवडणारी गोष्ट त्याने केली. सांगितल्यावर सोडली, आणि पुढच्या वेळी हात उचलला गेला तेव्हा आधी विचारलं. त्याला न आवडणारी गोष्ट मी केली, त्याच्या आत्यालाच. मी माफी मागितली तेवढी त्याला पुरली का, हे मला माहीत नाही, आणि आडून काढायचा प्रयत्न मी आता करणार नाही.

सागर, माझ्याकडून होकार आहे. तुमचं उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला थेट कळवावं, काकूंमार्फत नको.