बटन मी चालू ठेवलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. घरात ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणूनही असेल.

बोरिवलीच्या या घरात आई आणि मी, दोघीच राहायचो. चार्जर दोघींत एकच. आईचं एक पालुपद होतं — आधी बटन बंद कर, मग पिन धरून काढ, वायर ओढू नकोस, आणि गादीवर तर काही चार्जिंगला लावूच नकोस. मी हसायचे. फोन तेवढा ओढून घ्यायचे आणि निघायचे; वायर गादीवर तशीच, बटन चालू. ओढून ओढून वायर पिनेपाशी तुटायला आली, तेव्हा मी तिला चिकटपट्टी गुंडाळली. नवा चार्जर काय परवडत नव्हता का? आळस, दुसरं काय.

एका सकाळी आई मासे आणायला खाली गेली होती. मी आतल्या खोलीत केस विंचरत होते. जळका वास आला. बाहेर येऊन बघते तर चादर पेटलेली. मेन स्विच पाडला, बादली ओतली, आग विझली. अर्धी गादी गेली, भिंत काळी झाली. इथवर — इथवर निभावलंच होतं की.

मग मी फोन केल्यावर मुलुंडहून दादा धावत आला. घर त्याच्या नावावर, आणि रागावला की कुणाचं ऐकत नाही. चार्जर कोणी चालू ठेवला, त्याने विचारलं. आई तोवर बाजारातून परतली होती, माशांची पिशवी ओट्यावर तशीच. मी चाळिशीची बाई, दादाच्या ओरडण्याला घाबरले. म्हणाले, "आई लावून विसरली असेल."

मला वाटलं, ती भांडेल. ती कुठे गप्प बसणारी? पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "असेल बाई. हल्ली राहत नाही लक्षात."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला — स्वतःपेक्षा जास्त. कळतंय ना तुम्हाला? त्या दिवसापासून गॅस बंद आहे का बघायला ती जेवता जेवता उठायची. कुलूप लावून खाली गेली की पुन्हा वर यायची. पुढे तिने एकटीने गॅस पेटवणंच सोडलं. मला बोलता आलं असतं. रोज बोलता आलं असतं — नाही का? शेवटी दादा तिला मुलुंडला घेऊन गेला, आता हिला दिवसभर एकटीला ठेवणं बरं नाही म्हणाला. तिची बॅग मी भरली.

आता मी बटन बंद करते, पिन धरून काढते, वायर गुंडाळून ठेवते. बघायला कुणी नाही. फार एकटं वाटतं, आणि ते माझंच केलेलं आहे.

काल आईचा फोन आला. तिथे तिला गॅसजवळ जाऊ देत नाहीत, सगळं हातात देतात, असं सांगत होती. मधेच म्हणाली, "बरं झालं गं, तू तेव्हा घरात होतीस. नाहीतर माझ्या हातून घर जळलं असतं."

मी "हो" म्हणाले.