मी बेलभंडारा उचलला नाही

मी देव मानते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मला नास्तिक ठरवतात आणि मग माझं डोकं फिरतं. एकलहऱ्याजवळच्या आमच्या गावात श्रावणातली पोथी देवळात मीच वाचायचे. पोथी आमच्या घरचीच, सासूबाईंच्या माहेरून आलेली. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मी एखादी ओवी गाळली की भर देवळात त्या मला टोकायच्या.

बायकांना राखीव जागा मिळू लागल्या, त्या पहिल्याच निवडणुकीत मी ग्रामपंचायतीत निवडून आले. गावच्या पुढाऱ्याला वाटलं, पोथी वाचणारी साधी बाई आहे, सांगू तिथे मत देईल. आम्ही सात सदस्य, सरपंच आमच्यातूनच निवडायचा. पुढाऱ्याला ते पद स्वतःला हवं होतं आणि स्वतःचं धरून तीन मतं त्याच्या खिशात होती. चौथ्या मतासाठी दोनच दारं उरली होती. एक माझं, आणि दुसरं गावाबाहेरच्या वस्तीतून निवडून आलेल्या बाईचं. ती वस्ती पेठकडच्या डोंगरातून मजुरीला येऊन इथेच राहिलेल्या कुटुंबांची. नळाची लाईन तिथवर पोचलीच नव्हती, बायका शेतातल्या विहिरींवर शिव्या खात पाणी भरायच्या. समोरच्या बाजूने उभे राहणारे निवृत्त गुरुजी म्हणत होते, निवडून आलो तर पहिलं काम तेच. माझं मत गुरुजींना होतं आणि मी ते लपवलंही नव्हतं.

निवडीच्या दिवशी सकाळी पुढारी दोन माणसं घेऊन घरात शिरला. माझा नवरा वीज केंद्रात पहिल्या पाळीला गेलेला, हे बघूनच आला असणार. हातात ताटली, ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा. आमच्याकडे बेलभंडारा हातावर घेऊन दिलेला शब्द कोणी मोडत नाही. मोडला तर घराचं वाटोळं होतं, ही भीती लहानपणापासून हाडात मुरलेली असते.

"काकू, तुमची पोथी काढा," तो सासूबाईंना म्हणाला. "वहिनीला पोथीसमोर उचलू द्या. मंग काय काळजी नाय."

"मी उचलणार नाही," मी म्हणाले.

"का? देवाला भेत नाय का?"

"देवाला भिते म्हणूनच. सरपंच कोण व्हावा हे ठरवायला सरकारने मला मताची चिठ्ठी दिली आहे. त्यात देवाला कशाला राबवता?"

त्याचा आवाज चढला. "पोथीतच लिवलंय, बाईनं गावातल्या मोठ्या माणसाच्या शब्दाभायेर जाऊ नये."

आता मात्र मला हसू आलं. दर श्रावणात मी ती पोथी आरंभापासून शेवटापर्यंत वाचत होते. "कुठल्या अध्यायात? दाखवा ना," मी म्हणाले.

तो इरेला पेटला. त्याने फडताळातली पोथी स्वतःच उतरवली, लाल फडकं सोडलं आणि मधेच कुठेतरी उघडली. पानं उलटतोय, घाम पुसतोय, सापडत काही नाही. इतका वेळ चुलीपाशी गप्प बसलेल्या सासूबाई तेव्हा उठल्या. पदर सावरून उंबऱ्यातच येऊन बसल्या.

"पोथी उघडलीस ना? आता अध्याय पुरा व्हईस्तोवर कोणी उठायचं नाय. वाच गं."

हा नियम गावात सगळ्यांनाच ठाऊक होता. उघडलेला अध्याय अर्धा टाकून उठणं म्हणजे पाप. अकरा वाजता निवड, त्याआधी वस्तीतल्या त्या बाईकडून बेलभंडारा उचलवायचा, असा त्याचा बेत होता. पण शपथेची भीती घालायला आलेला माणूस पोथीसमोरून उठणार कसा? मी अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचायला घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, नेहमीपेक्षा सावकाश वाचलं. एकेक ओवी दोनदा म्हटली. तो हात जोडून बसलेला, डोळे घड्याळावर. संपलं तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती.

गुरुजी चार विरुद्ध तीन मतांनी सरपंच झाले. त्याच उन्हाळ्यात वस्तीवर नळ आला. मी आठवडाभर गावात छाती पुढे काढून फिरले.

पण निवडीच्या संध्याकाळीच सासूबाई म्हणाल्या होत्या, "उद्या तो अध्याय परत वाच. आज तू देवासाठी नाय वाचलास."

"आत्या, उंबरा तर तुम्हीच अडवलात!"

"म्हनून तर सांगते. मीबी परत ऐकंन."

मला राग आला. जिंकून आलेल्या माणसाला असं कोणी सांगतं का? पण दुसऱ्या दिवशी वाचला. आम्ही दोघीच होतो. वाचताना मला लाज वाटली, ती आजही सांगताना वाटते. त्याने पोथी दटावायला काढली आणि आम्ही अडवायला वापरली.

पाच वर्षांनी मी पुन्हा निवडून आले, वस्तीतली ती बाईही आली. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. या खेपेला सरपंचपदाला मी स्वतः उभी होते, समोर तोच पुढारी. दोन्हीकडे तीन-तीन मतं, सातवं तिचं. तिने आपण होऊन सांगितलं होतं की मत मलाच देणार. माझ्या बाजूची माणसं म्हणाली, "ताई, आजच तिच्याकडून बेलभंडारा उचलून घ्या. नायतर तो घेईल." मी म्हणाले, माझ्या नावाने कोणाच्या हातावर पान ठेवलं जाणार नाही. माणसं चिडली. एकजण तर तोंडावर म्हणाला, हिला सरपंच व्हायचंच नाही. व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. तीन रात्री मला झोप नव्हती.

मी एका मताने पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. दारातच रडायला लागली. "ताई, तेनी माझ्या हातावर पान ठेवलं. पोरांची नावं घ्यायला लावली. मी काय करू? तुमी आधी आल्या असत्या, तर तुमालाच दिलं असतं."

"ठाऊक आहे मला."

"मंग का नाय आल्या?"

"मला तुझं मत पाहिजे होतं. तुझ्या पोरांची नावं नको होती."

तिने डोळे पुसले. फडताळातल्या लाल फडक्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या येळेला तरी आधी या."

"पुढच्या वेळेलाही येणार नाही," मी म्हणाले. "आणि कोणी पान घेऊन आलं, तर तू दार उघडू नकोस. मी आले तरी उघडू नकोस."