आत्याची निम्मी होणारी साखर

पुण्यात घड्याळाला खरोखर भिणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी आत्या. मांजरीकडच्या एका प्रयोगशाळेत ती किरणोत्सर्गी साखर बनवते. ही साखर टोचली की कर्करोगाची गाठ ती हावऱ्यासारखी खाते आणि स्कॅनमध्ये दिव्यासारखी उजळते. अडचण एवढीच, की जवळजवळ दर दोन तासांनी साखरेची ताकद निम्मी होते. त्यामुळे आत्याला सगळं जगच नासत चाललेलं दिसतं. लग्नात अक्षता पडायच्या आत ती आहेर देऊन मोकळी होते, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पोह्यांबरोबरच निरोप देते. "साखर म्हणजे उसाचीच ना?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तर "समजावायला वेळ नाही, उसाचीच समजा," म्हणत ती जिना उतरून गेलीसुद्धा.

मी तिच्याकडेच राहते आणि आंदोलनांची पत्रकं लिहिते. आमच्या कर्वेनगरात नळाला पाणी नाही म्हणून आम्ही साठेक जण रस्त्यावर आडवे झालो. पाणी येईपर्यंत कुणीही उठणार नाही, असं पत्रकात मीच ठणकावलं होतं. अडकलेली पहिलीच गाडी आत्याची निघाली. ड्रायव्हर नवा, म्हणून साखरेचा शिशाचा डबा घेऊन ती स्वतः वारज्याच्या रुग्णालयात निघाली होती.

"चार पेशंट स्कॅनसाठी रात्रीपासून उपाशी बसलेत," ती माझ्या डोक्याशी येऊन म्हणाली. "ऊठ."

"आत्या, कुणीही उठणार नाही असं छापलंय."

"वाचलं मी. गडगडायचं नाही असं कुठं छापलंय?"

मी गडगडले. माझ्यामागून एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्यावर दोन आयटीवाले, आणि बघता बघता सगळी चळवळ घोषणा देत, खिदळत फुटपाथला लागली. तत्त्व शाबूत राहिलं, कपडे कामातून गेले. गाडी सुटली.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "पुरली का?"

"तिघांना. चौथ्या बाईंना उद्या बोलावलंय."

"आपल्याकडे पाणी खरंच नव्हतं गं."

"मला सांगतेस? सकाळी अर्ध्या बादलीत आंघोळ केलीय मी."

"कोण आहेत त्या बाई?"

"नावं मला कधीच कळत नाहीत. किती लागेल तेवढं कळवतात."

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी निघाली. मी गॅलरीतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. तिकडे वारज्यात कुठल्या तरी घरात एक बाई पुन्हा नाश्त्याला नको म्हणत असेल.