तिरंगी चिंध्यांचा हार

माझ्या शिलाईच्या दुकानात उन्हाळ्यात दोन प्रकारची गर्दी असते. एक लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायकांची आणि दुसरी चिंध्या मागणाऱ्या पोरांची. बायकांना ‘आज नाही, उद्या या’ म्हणून वाटेला लावता येतं. पोरं ऐकत नाहीत. एक मेचं झेंडावंदन झालं, निकाल हातात पडला, की दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली सगळी फौज माझ्या पायरीवर. आमचं गाव पोखर्णीच्या बाजूला. मे महिन्यात दुपारी इथं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि माझ्या दुकानात पत्र्याखाली का होईना, कूलर आहे. पोरांच्या देशप्रेमातला निम्मा वाटा त्या कूलरचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

देशप्रेम म्हणायचं कारण असं की, गेल्या उन्हाळ्यात त्यांना तिरंगी वस्तू करायचं वेड लागलं होतं. झेंडावंदनाच्या दिवशी शाळेत कागदी पताका लावल्या होत्या, त्या बघून आलेली. मीही म्हटलं, भांडणं करण्यापेक्षा हे बरं. लग्नसराईत हिरव्या कापडाला तोटा नसतो, पांढरं अस्तर तर रोजचंच, आणि केशरी पण कुठून ना कुठून निघतंच. मी चुलीवर गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. त्यांनी कडब्यातली सरळ धाटं निवडून आणली आणि त्यांना चिंध्यांच्या पताका चिकटवल्या. कागदाची भिरभिरी केली, ती धाटाला बाभळीच्या काट्यानं टोचली. टाचणी गंजते, वाकते. बाभळीचा काटा नीट बसला तर भिरभिरं वैशाखाच्या वावटळीत पण टिकतं. चक्रावरून मात्र बरीच वादावादी झाली. एकीनं निळं बटण शिवून चक्र केलं, तर दुसरी म्हणाली, चक्र आलं की तो खरा झेंडा झाला, मग तो खाली पडला तर पाप लागतं. शेवटी चक्र नको असं ठरलं. सरकारात एवढी चर्चा होत असेल का, कोण जाणे.

या सगळ्यांवर हुकूम चालायचा समोरच्या घरातल्या पोरीचा. पहिली पास होऊन दुसरीत गेलेली, पुढचे दोन दात पडलेले, पण आवाज असा की मी तिला मुकादम म्हणायचे. ऊसतोडीच्या टोळीला हाकतात तशी ती पोरांना हाकायची. तिचा बाप मिलिटरीत. लांब कुठंतरी डोंगरात त्याची ड्युटी. पोरीनं बाप पाहिला तो जास्त करून मोबाईलमध्येच. त्याला विचारायच्या गोष्टी ती दिवसभर गोळा करून ठेवायची, आणि फोन लागला की लाजून आजीच्या पदरामागं जायची.

तिची आई माझ्याकडे हूक-काज करायला बसायची. अबोल बाई. कामात चोख, पण कान सगळा फोनकडे. फोन ती कमरेला खोचून ठेवायची, आणि वाजला की हातातली सुई हमखास बोटात जायची. आधी असं नव्हतं. हिवाळ्यात आमच्यापासून जवळच्याच एका गावचा जवान तिरंग्यात गुंडाळून घरी आला, तेव्हापासून हे सुरू झालं. त्या दिवशी आसपासची सगळी गावं तिकडं लोटली होती. शाळेनं पोरांनाही नेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडेला हातात कागदी झेंडे घेऊन ती उन्हात उभी होती. मुकादमही होती, आजीचा हात धरून. तिची आई तेवढी गेली नाही. ती माझ्या दुकानात बसली, शटर अर्धं खाली ओढून, आणि एकाच ब्लाऊजला तिनं तीनदा काज केलं आणि तीनदा उसवलं. मी मशीन चालवत राहिले. अशा वेळी बोलणाऱ्या बायकांचा मला संताप येतो.

नवऱ्याची रजा दिवाळीला रद्द झाली होती, संक्रांतीलाही झाली. आता मेमध्ये मिळाली, तिकीट झालं, शनिवारी सकाळी परभणीला उतरणार असं कळलं. तिनं मला ते सांगितलं तेही इतक्या हळू की मशीन थांबवून कान द्यावा लागला. मोठ्यानं बोललं तर कुणाची तरी नजर लागेल, असं तिला वाटत असावं. मी म्हटलं, आता साडी कोणती नेसणार ते सांग, मॅचिंग ब्लाऊज मी फुकटात शिवते.

“मला काई नको, अक्का,” ती म्हणाली. “निसतं चालत यावं दारातून. एवढंच बगायचंय मला.”

पप्पा येणार हे मुकादमच्या कानावर गेलं आणि चिंध्यांच्या कामाला जोर चढला. काय करणार म्हणून विचारलं तर सांगेनात. सरप्राईज हाय म्हणे. मला फक्त फुलं कशी करायची ते विचारलं. मी दाखवलं: पट्टी दुमडायची, कडेनं धावदोरा घालायचा आणि दोरा ओढायचा, चुण्या पडल्या की झालं फूल. वाकडीतिकडी का असेनात, पोरांनी ढीगभर फुलं केली. केशरी, पांढरं, हिरवं, पुन्हा केशरी, असं ओवत लांबलचक हार झाला. मुकादमनं प्रत्येक फूल तपासून घेतलं आणि अर्धी परत करायला लावली. हार सुरेख झाला होता. बापाच्या गळ्यात घालायचा असणार असं मी धरून चालले. दुसरं काय वाटणार माणसाला?

शनिवारी पहाटेपासून गल्ली त्यांच्या ताब्यात होती. आम्ही बायकांनी सडा मारून दिला, पुढचं त्यांनी केलं. दोन्ही कडांनी रांगोळीचे तिरंगी पट्टे, घरांच्या पत्र्यांना पताका, कुंपणाच्या काट्यांत खोवलेली भिरभिरी. वारा सुटला की सगळी एकदम फिरायची. मला तर भरून आलं. मी त्यांना शाबासकी दिली, वर गारेगारसुद्धा कबूल केलं. मुकादमच्या बापाचा चुलतभाऊ जीप घेऊन परभणीला गेला होता. तिकडं समोरच्या घरात पुरणाचा वास सुटला होता आणि मुकादमची आई पोपटी साडी नेसून उगाचच आत-बाहेर करत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

जीप पोखर्णीच्या फाट्यावर आली असा फोन आला. तेव्हा पोरांनी सरप्राईज बाहेर काढलं.

मी दुकानाच्या पायरीवर आले आणि ती पाणी भरलेला तांब्या घेऊन तिच्या दारात आली, दोघी एकदमच. दारासमोर खुर्ची मांडलेली. खुर्चीवर नवा टॉवेल. टॉवेलवर भिंतीवरून काढून आणलेला त्याचा वर्दीतला फोटो, आणि त्या फोटोला तो हार. मागं पुठ्ठ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात त्याचं नाव आणि ‘वीर जवान अमर रहे’. पोरं रस्त्याच्या दोन्ही कडेला रांग करून, हातात झेंडे धरून, अगदी गप्प उभी. मुकादम सगळ्यांत पुढं, सलाम ठोकून.

तिच्या हातातला तांब्या पडला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. उंबऱ्यावर बसली, कुणीतरी खांदे धरून खाली दाबावं तशी, आणि नजर त्या फोटोवरच. मी धावत जाऊन तिला धरलं. तिचे हात मे महिन्यात गार पडले होते.

तेवढ्यात तिची सासू बाहेर आली. तिनं फोटो बघितला आणि पोरांवर अशी तुटून पडली की विचारू नका. जित्या माणसाच्या फोटोला हार घालतेत का, कुणी शिकवलं तुमाला, असं म्हणत तिनं पुठ्ठा टराटरा फाडला. रांगा मोडल्या. लहानगी रडायला लागली. मुकादम मात्र जागची हलली नाही. ओठ काढलेला, सलामाचा हात अजून कपाळाशी.

“फौजी घरी आल्यावर असंच करतेत,” ती आजीला म्हणाली. “तूच तर दाखवलं होतंस.”

सासूचा हात वरच्या वर राहिला. आणि मला पोरांचा राग येता येता राहिला. खरंच, त्या पोरांनी घरी येणारा फौजी बघितला होता तो एकच. रांगोळी, फुलं, झेंडे, रांगा, फोटो, सगळं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं आणि जीव लावून तसंच्या तसं केलं होतं. आमच्यापैकी कुणीच त्यांना फरक सांगितला नव्हता.

जीप तेव्हाच वळणावर आली. खुर्ची उचलायलाही सवड मिळाली नाही. तो उतरला, पाठीवर बॅग, चेहरा उन्हानं रापलेला, आणि दोन पावलांवर थबकला. फोटो, हार, फाटका पुठ्ठा, रडणारी पोरं, उंबऱ्यावर बसलेली बायको. त्याला समजायला वेळ लागला नाही. बायकोकडं तो क्षणभर बघत राहिला. मग बॅग खाली ठेवून पोरीसमोर उकिडवा बसला.

“हार माझाच हाय ना?”

तिनं मान हलवली.

“मंग फोटोला कामून घातला? त्येला काय कळतंय. मला घाल की.”

त्यानं मान खाली केली. पोरगी बराच वेळ बघत राहिली, खरा बाप आहे का याची खात्री करावी तशी. मग तिनं फोटोवरचा हार काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. हार इतका लांब झाला होता की त्याच्या गुडघ्यांवर लोळत होता. तो तसाच उठला, बायकोजवळ गेला आणि म्हणाला, “आलो बग. चालत आलो.” तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली ती सोडेचना. ती रडायला लागली, आणि मला हायसं वाटलं.

सासूला आता कुठं आपलं काम आठवलं. ती आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आली, लेकाला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि त्याच्यावरून तुकडा ओवाळायला लागली. तुकडा तिनं लांब फेकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं. मुकादम हे सगळं बारकाईनं बघत होती. आता चुकायचं नाही असं तिनं ठरवलं असावं. हे कशाला करायचं, म्हणून तिनं विचारलं.

“वाटंची बला वाटंवरच ऱ्हावी म्हणून,” आजी म्हणाली. “आपलं माणूस सुखरूप घरात यावं म्हणून करतेत, माय.”

पोरीनं विचार केला. विचार करताना ती जीभ दातांच्या खिंडीत घालते.

“मंग त्या झेंड्यात आलेल्या काकाच्या आईनं कामून न्हाई केलं?”

सासू रिकामा तांब्या हातात धरून उभी होती.

“केलं आसंल,” ती म्हणाली. “दर खेपंला केलं आसंल.”

बोलली आणि आपणच काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं लेकाकडं बघितलं. तो हारातलं एक फूल सारखं करत राहिला.

तेव्हा त्याची बायको उंबऱ्यावरून उठली. त्याची बाही सोडून आत गेली आणि भाकरी घेऊन आली, तुकडा नव्हे, टोपल्यातली अख्खी भाकरी. तिनं ती नवऱ्यावरून ओवाळली, एकदा, दोनदा, पुन्हा, किती वेळा ते कुणी मोजलं नाही, आणि सासूनं तिला थांबवलं नाही.