कोथरूडचा समुद्र

तुमच्यापासून काय लपवायचं, मी एकदा कोथरूडला समुद्र आणला होता. तास-दीड तास टिकला.

झालं असं, की आमची जुनी सोसायटी पाडून नवी इमारत व्हायची होती. आम्ही सगळे आसपास भाड्याने राहत होतो. मी नुकतीच भूशास्त्रात एमएस्सी झालेले. आमच्या मॅडमकडे संशोधनासाठी एकच जागा होती. त्या म्हणाल्या होत्या, "पुण्यातलाच, पण स्वतः शोधलेला विषय आण. मग बघू." आता पुण्यात जिथे खणाल तिथे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. त्यात मी नवीन काय शोधणार?

आणि एका सकाळी पायाच्या खड्ड्यात डोकावले तर काय! मातीच्या खाली, मुरुमाच्या वर, राखाडी दगडाचे सात थर. प्रत्येक इंचभर जाडीचा, फक्त कडा बाहेर आलेल्या. मी खाली उतरले आणि सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. (हो, माझ्या पर्समध्ये ती बाटली असते. तुमच्या पर्समध्ये काय असतं, हे मी विचारलं का?) फसफसून फेस आला.

म्हणजे चुनखडक. म्हणजे पाण्याच्या तळाशी गाळ साचत साचत झालेला दगड. म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर इथे समुद्र होता, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी जेसीबीपुढे जाऊन उभी राहिले.

"दादा, मशीन बंद करा."

"का वो ताई?"

"इथे समुद्र होता."

त्याने खड्डाभर नजर फिरवली. "कधी?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"मग वाळला आसंल की आता. व्हा बाजूला."

मी खाली बसले. मांडी घालून. विज्ञानासाठी कोणीतरी बसायलाच हवं ना? बसल्या बसल्या मॅडमना फोन लावला.

"एखादा थर बाहेर काढून पाहिलास का?" त्यांनी विचारलं.

"पुरावा जागेवरून हलवायचा नसतो, मॅडम. तुम्हीच शिकवलंय."

"येते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आधी लेले काकू आल्या. काकू आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या. आपलं घर कुठवर आलं हे बघायला त्या रोज चक्कर मारायच्या.

"काम का थांबलंय हो?"

"समुद्र लागलाय," जेसीबीवाला म्हणाला.

मॅडम आल्या. भिंग काढून वाकल्या. मी मागून सांगत होते, लाव्हा, मग समुद्र, मग गाळ, शोधनिबंधाचं नावसुद्धा. काकूही वाकल्या.

"अगं, ही आमची मोरी आहे."

"काकू, प्लीज. हा चुनखडक आहे, आम्ल टाकलं की फेस येतो."

"येणारच. शहाबादी आहे ती. म्हणून तर बाईला मी मोरीत कधी ॲसिड टाकू दिलं नाही. टाइल्स बसवल्या तेव्हा यांना फरश्या फेकवेनात. मागच्या अंगणात पुरून ठेवल्या, एकावर एक. सात निघतील."

जेसीबीवाल्याने हाताने ओढून एक बाहेर काढली. चौकोनी. कोपऱ्यात पाणी जायला गोल भोक.

मॅडमनी भोकातून माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे वळल्या. "तुम्हाला दगडांची बरीच माहिती दिसते."

"माहिती कसली! संसार केला. कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो, संगमरवरावरही पडतो. ग्रॅनाइटला काही होत नाही. पाट्याला तर नाहीच, तो आपला इथला काळा दगड. गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, झालं."

"आगीतून झालेले, गाळातून झालेले, दाबाने-उष्णतेने बदललेले, तिन्ही प्रकार आले की यात," मॅडम म्हणाल्या. मग पर्स उचलत म्हणाल्या, "सोमवारी दुपारी दोनला विभागात या."

माझा जीव भांड्यात पडला. "येते मॅडम! कागदपत्रं आणू?"

"तू नाही गं. मी काकूंना म्हणतेय. मुलांना हात लावून दगड ओळखायला कोणीतरी शिकवायला हवं."

काकू आता दर सोमवारी विभागात जातात. मुलं वह्या काढून बसतात म्हणे. विभागातली माझी जागाही पक्की झाली आहे. काकूंना रिक्षा परवडत नाही, म्हणून मी त्यांना स्कूटीवरून नेते आणि तास संपेपर्यंत खाली पार्किंगमध्ये थांबते.